दहा पायांची परीक्षा

जिच्या दारावर धड पाटीही नाही, अशा खाणावळीतच मासा उत्तम मिळतो, अशी मासेखाऊंची ठाम श्रद्धा असते. भिंतीचा रंग जितका उडालेला तितका मासा ताजा, असे काहीसे त्यामागचे गणित असावे. माझी पत्नी याच संप्रदायातली आहे. लग्नाआधी तिने विचारलेल्या ‘मासे खाता ना?’ या प्रश्नाला मी ‘अगदी आवडीने’ असे उत्तर देऊन बसलो आणि तेव्हापासून त्या दोन शब्दांचे हप्ते फेडतो आहे.

परवा शेजारच्या गल्लीतल्या अशाच एका खाणावळीत जाण्याचा योग आला. चार टेबले, त्यांपैकी एकाचा पाय आखूड (आमच्या वाट्याला अर्थातच तेच), आणि मालक, आचारी व वाढपी या तिन्ही भूमिका एकट्याने निभावणारे एक गृहस्थ. मेनूकार्ड मागितल्यावर ते आत गेले आणि ताटलीत चक्क कच्चा मासा आणून माझ्या नाकासमोर धरत ‘बघून घ्या’ म्हणाले. ताज्या माशाचे डोळे स्वच्छ आणि फुगीर असतात, कल्ले लालभडक असतात आणि अंगावर बोट दाबले तर पडलेला खड्डा लगेच भरून येतो, हे मी वाचलेले होते. पण तो मासा माझ्याकडे इतक्या स्वच्छ आणि फुगीर डोळ्यांनी पाहत होता, की त्याच्या नजरेला नजर देण्याचा धीर होईना. तरीही पत्नीसमोर अब्रूचा प्रश्न असल्याने मी दुसरीकडे पाहत बोट पुढे केले आणि ते नेमके त्याच्या पाठीवरच्या अणकुचीदार काट्यावर दाबले. घशात काटा अडकल्याच्या हकिकती पुष्कळ ऐकिवात आहेत. ऑर्डर देण्यापूर्वीच तो बोटात घुसवून घेणारा बहुधा मी पहिलाच असेन. ‘ताजा आहे,’ बोट खिशात लपवत मी निकाल दिला.

तो मासा निमूटपणे संपला आणि कोळंबीबद्दलही माझी तक्रार नाही. तिच्या अंगातले तांबडे रंगद्रव्य एरवी प्रथिनांच्या मिठीत दडलेले असते. उष्णतेने ती मिठी सुटली की ती लाल होते. खेकडाही याच न्यायाने लाल होतो, पण का कोण जाणे, त्याचा लाल रंग मला रागाचा वाटतो.

खेकडा अख्खा आला. झकपक हॉटेलात त्याच्यासोबत अडकित्त्यासारखे काहीतरी हत्यार देतात. इथे मालकांनी ‘दात आहेत ना?’ एवढीच चौकशी केली. दोन नांग्या धरून खेकड्याला दहा पाय असतात. माझ्याकडे बोटे दहा, त्यांतले एक आधीच जायबंदी. म्हणजे सामना सुरू होण्यापूर्वीच मी एकाने मागे होतो. पत्नी एकेक पाय सांध्यापाशी अलगद मोडायची, दाताखाली एकदाच ‘कट्’ असा आवाज व्हायचा आणि आतले मांस सबंध बाहेर यायचे. माझ्या दाताखाली मात्र कवच, मांस आणि आत्मविश्वास यांचा एकत्र भुगा होत होता. तशात नांगीतून रश्श्याचा एक थेंब उडाला आणि चष्म्याच्या काचेवर स्थिरावला. दोन्ही हात मनगटापर्यंत माखलेले असल्याने पुढचे दोन पाय मी तांबड्या धुक्यातच लढवले.

खरी परीक्षा पुढेच होती. मोठ्या हॉटेलात ताटे नुसती उचलतात; इथले मालक ती वाचतात. पत्नीच्या ताटातला पोकळ नळ्यांचा नीटनेटका ढीग पाहून त्यांनी समाधानाने मान डोलावली. माझे ताट एखाद्या अपघाताच्या पंचनाम्यासाठी राखून ठेवल्यासारखे दिसत होते. मी ‘संपला’ म्हणून बाजूला सारलेला एक पाय त्यांनी उचलला, दोन बोटांत दाबला आणि त्यातून बोटभर मांस काढून लहान मुलाला भरवावे तसे माझ्यापुढे ठेवले.

‘ताई, घरी साहेबांना सोलून कोण देतं?’

‘मीच,’ पत्नी म्हणाली.

शेवटी हाताचा वास घालवायला लिंबाच्या फोडी आल्या. माशाचा वास अमाइन नावाच्या अल्कधर्मी रसायनांचा असतो, लिंबातले आम्ल त्यांना निष्प्रभ करते, हे शास्त्र तरी आपल्याला येते हे दाखवावे म्हणून मी ते सविस्तर समजावून सांगत फोड बोटांवर खसाखसा चोळली. त्या शास्त्रात जखमी बोटासाठी वेगळे प्रकरण असायला हवे होते.

माझी किंकाळी ऐकून मालक आतून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आले आणि माझ्या घशाकडे पाहत म्हणाले, ‘काटा अडकला?’

‘बोटात,’ पत्नी शांतपणे म्हणाली. ‘मघाशी मासा पारखताना.’