पाच मीटरचा पाहुणा

आमचं घर सांगलीच्या गावभागात. गल्ली मूळची दोन बैलगाड्या शेजारून जातील एवढी रुंद होती, असं जुनी माणसं सांगतात. पुढं ज्यानं त्यानं आपापल्या दारात एक पायरी, एक कट्टा आणि एक तुळस पुढं सरकवली. आता एक बैलगाडी आणि एक समजूतदार बैल, एवढंच मावतं. गल्लीच्या शेवटी भिंत आहे. त्या भिंतीला नाक लावून माझी मारुती ८०० उभी असते.

तिच्याबद्दल जरा सांगतो, कारण पुढं तिची बरीच बेअब्रू होणार आहे. पहिली ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत ती बनवणं थांबलं. माझी २००७ ची. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, लांबी सव्वातीन मीटरच्या जरा वर. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळं दंडाला व्यायाम होतो. एसी होता, तो २०१९ च्या पुरात गेला. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर चढलं होतं (धोक्याची पातळी ४५) आणि गाडी चार दिवस कृष्णामाईत बसून होती. पाणी ओसरल्यावर मिस्त्रींनी आधी माझ्या हातातली किल्ली काढून घेतली. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. मग प्लग काढून पाणी बाहेर उडवलं, ऑइल दोनदा बदललं, सीटा गच्चीवर वाळत घातल्या आणि आठव्या दिवशी गाडी खोकत खोकत सुरू झाली. दमट हवेत तिला अजून नदीचा वास येतो. २०२२ मध्ये तिला पंधरा वर्षं झाली. फेरनोंदणीची फी तोवर ६०० रुपये होती. मी मार्चभर ‘जाऊ की’ म्हणत बसलो आणि १ एप्रिलपासून ती ५,००० झाली. बायको अजून त्या फरकाचं व्याज काढते. पतसंस्थेतल्या कॅशियरची बायको आहे, तिला व्याज तोंडपाठ.

तिचा धाकटा भाऊ बापू. माहेर विट्याच्या बाजूचं. खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम घेऊन देशभर पसरलेली. दिवाळीला सगळी गावी येतात तेव्हा गावातल्या रस्त्यावर इतक्या राज्यांच्या नंबरप्लेटी लागतात की मास्तरांनी तिथंच भूगोलाचा तास घ्यावा. बापू कोइमतूरला असतो. गेल्या दिवाळीत, २०२५ च्या, तो भाऊबीजेला आमच्याकडं आला तो एका जर्मन गाडीतून. नाव सांगत नाही. गाडीचा काडीचाही दोष नव्हता, दोष गल्लीचा आणि माझा. शिवाय जर्मन म्हणायचं आपलं. यातल्या कित्येक गाड्या चाकणला नाहीतर संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला जोडल्या जातात.

ओवाळून झालं, ताटात सोन्याचं वळं पडलं, आणि बापूला फोन आला. काहीतरी अडलं होतं, त्याला त्याच रात्री मिरजेहून रेल्वेनं निघायचं होतं. ड्रायव्हर दिवाळीला गावी गेलेला.

“दाजी, गाडी हितंच ठिवतो. आठ दिवसांत येतो.”

“अरे, गल्लीत मावायची नाही.”

“गाडीत कॅमेरे हायत दाजी. तीच मावून दावती.”

गाडी पाच मीटरच्या वर लांब. बापूनं ती गल्लीत घातली तेव्हा गाडी दोन्ही बाजूंनी आणि शेजारच्या काकू दारातून, अशा तिन्ही बाजूंनी ओरड सुरू झाली. गाडीला काकूंची तुळस धोकादायक वाटत होती आणि काकूंना गाडी. शेवटी ती माझ्या ८०० च्या मागं, दारापासून वीत-वीत अंतर ठेवून उभी राहिली. ८०० आता भिंत आणि जर्मनी यांच्यामध्ये अडकली. बापूनं किल्ली माझ्या हातात ठेवली, ‘दोन दिवसाला एकदा फिरवा, न्हाईतर बॅटरी बसती’ म्हणाला आणि रिक्षानं गेला. त्या आठ दिवसांचे पुढं बावीस झाले.

पहिल्या रात्री मी चार वेळा उठलो. आमच्या दारात शेवग्याचं झाड आहे. अठरा वर्षं त्याच्या शेंगा ८०० च्या टपावर पडत आल्या आणि आम्ही त्या वेचून आमटीत घातल्या. आता रात्री शेंग पडल्याचा आवाज झाला की छातीत धस्स होई. दुसऱ्या दिवशी मी आख्खं झाड शेंगामुक्त केलं. गल्लीतल्या दहा घरांत त्या दिवशी शेवग्याची आमटी होती. पोरांचं क्रिकेट बंद झालं. ते मी बंद केलं नव्हतं, पोरांच्या आयांनी केलं. काकूंनी वाळवण घालायचं सोडलं. गल्लीतली म्हातारी गाय गाडीला अंग घासायला गेली तेव्हा तिला हाकलायला चार घरांतून माणसं धावली. एवढा एकोपा पुरातही दिसला नव्हता.

तरी चालवणं आलंच. ही गाडी ऑटोमॅटिक, म्हणजे क्लच नाही. पण माझ्या डाव्या पायाला हे कोण सांगणार? टिळक चौकात त्यानं सवयीनं क्लच म्हणून जे काही जोरात दाबलं तो ब्रेक निघाला. आईचा चष्मा पुढच्या सीटखाली गेला आणि मागचा मोटारसायकलवाला, जो माझ्या ८०० ला नक्कीच आईवरून बोलला असता, तो हात जोडून “सॉरी साहेब” म्हणाला! चूक माझी, सॉरी त्याचं. पेट्रोल पंपावर मी रोजच्याप्रमाणं “पाचशेचं” म्हणालो, तर पोरानं खाली वाकून माझं तोंड बघितलं. टाकी साठ-पासष्ट लिटरची, पेट्रोल शंभराच्या वर. काट्यानं पाचशेची दखलच घेतली नाही.

बायकोला मात्र या गाडीतून माहेरी जायचं होतं. तिचं काही चुकत नाही. सप्टेंबरात छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला तेव्हापासून तिनं एका जाहिरातीचं कात्रण फ्रीजवर लावून ठेवलं आहे आणि मी रोज त्यामागून दूध काढतो. निघालो तासगाव रस्त्यानं. गाळपाचा हंगाम नुकताच सुरू झालेला. कवलापूरच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर लागला, मागं दोन ट्रॉल्या, त्यावर दोन्हीकडून बाहेर आलेला ऊस आणि कर्ण्यावर लावणी. गाडीचा काटा ताशी अडीचशेच्या वरपर्यंत आखलेला होता. आम्ही पंधरावर होतो. माझी ८०० असती तर खाली साइडपट्टीवर दोन चाकं घालून केव्हाच पुढं गेलो असतो. पण हिच्या बाजूनं उसाचा एक शेंडा जरी खरखरला असता तरी रंगाचं बिल बघून मला बापूच्या धंद्यात नोकरीला जावं लागलं असतं. शेवटी आम्हाला एका ८०० नं ओलांडलं. आत सहा माणसं, दोन करडं आणि टपावर खाट होती. मला इतकं परकं कधी वाटलं नव्हतं.

माहेरी जोरदार स्वागत झालं, ते गाडीचं. परत येताना सासूबाईंनी नेहमीप्रमाणं हळदीचं पोतं, ज्वारी आणि लोणच्याची बरणी बाहेर आणली. आतल्या सीटा दुधाच्या सायीच्या रंगाच्या. मी हळदीकडं बघितलं, सीटांकडं बघितलं, आणि पोतं एसटीनं पाठवायची विनंती केली. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “एवढी मोठी गाडी, आन् पोतं मावंना?”

एक सुख मिळालं, ते सांगायला हवं. तुळशीचं लग्न झालं आणि मिरज रोडवरच्या एका कार्यालयात लग्नाला गेलो. याच कार्यालयाच्या वॉचमननं मागच्या वर्षी ८०० बघून शिट्टी मारली होती आणि जनरेटरच्या मागं, आचाऱ्यांच्या टेंपोशेजारी जागा दाखवली होती. आता त्यानं सलाम ठोकला. नवरदेवाची फुलं लावलेली गाडी त्यानं मागं घ्यायला लावली आणि मला दारासमोर उभं केलं. आत गेलो तर दोन अनोळखी माणसांनी मला पहिल्या रांगेत बसवलं आणि फेटा बांधला. मुलीचे वडील येऊन भेटले, “वेळात वेळ काढून आलात” म्हणाले. मी रोज साडेपाचला मोकळा असतो. पण फेटा असा काही चढतो की मीही म्हणून गेलो, “येणं भागच होतं.”

आणि याच फेट्याच्या नशेत दुसऱ्या दिवशी मी ती गाडी घेऊन कामावर गेलो.

नाइलाजही होता. पाऊस भुरभुरत होता, ८०० मागं कोंडलेली, आणि बॅटरीची पाळी होती. पतसंस्थेच्या दारात गाडी लावली, उतरलो, किल्लीचं बटण दाबलं. गाडीनं आरसे मिटले. समोर भडंगवाल्याच्या दारात चारपाच जण उभे होते. ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, दबले.

साडेअकराला एक निवृत्त गुरुजी ठेवीची पावती घेऊन आले. मुदतीला सात महिने होते. मोडायची म्हणाले. का, तर घरात कार्य आहे. बाराला एक बाई आल्या, त्यांच्याही घरात कार्य. सव्वाबाराला तिघे. एकाच दिवशी गावात एवढी कार्यं? मी पंचांग काढलं. मुहूर्तच नव्हता.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. तिथं विमा म्हणजे आमचे चेहरे. आणि आमच्या भागानं बुडालेल्या संस्था पाहिल्यात. आधी काय दिसतं हे लोकांना पाठ आहे. द्राक्षवाल्यानं मोठी गाडी घेतली तर लोक म्हणतात, यंदा माल चांगला गेला. डॉक्टरनं घेतली तर म्हणतात, साथ चालू असेल. गलाईवाल्याला कोणी विचारतच नाही. पण कॅशियर पाऊण कोटीच्या गाडीतून उतरला, की लोक गाडी बघत नाहीत, पावती शोधतात. त्यातून आमचे गुरुजी गणिताचे. त्यांनी हिशोब केला होता: आपल्या राज्यात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के एकरकमी कर, म्हणजे पंचाहत्तर लाखांना पावणेदहा लाख. “नुसता टॅक्सच तुमच्या अडीच-तीन वर्षांच्या पगाराएवढा होतोय,” ते जाळीतून हळूच म्हणाले. नंबरप्लेट तमिळनाडूची आहे असं मी सांगितलं. त्यावर मागचा एक जण म्हणाला, “म्हणजे पळायची तयारी पण झाली.”

मेव्हण्याची आहे, हे मी त्या दिवशी किती वेळा सांगितलं असेल! असल्या वेळी मेव्हण्याचं नाव घेऊ नये. ऐकणारे माना डोलावत आणि पावती पुढं सरकवत. तीनला चेअरमनसाहेबांचा फोन आला. त्यांची स्वतःची पांढरी, उंच, सात सीटची गाडी आहे, पण ती ऊसवाल्या घरातली. तिला माफी आहे. म्हणाले, “ती गाडी आधी हलवा. आणि उद्या तुमची ती डबडी घेऊन या.”

डबडी भिंतीला अडकलेली. रात्री नऊला गल्लीतली बारा माणसं, काकू आणि एक बॅटरी यांच्या मदतीनं पाच मीटरची गाडी मागं-मागं घेत बाहेर काढली. काकूंनी तुळस स्वतः उचलून आत नेली. गाडी एका मित्राच्या बेदाण्याच्या गोदामात ठेवली. पुढच्या आठवड्यात बापू आला, त्यानं काटा बघितला आणि म्हणाला, “दाजी, बावीस दिवसांत एवढंच? मन मोकळं करून फिरवायची की!”

गाडी हलवली त्याच्या दुसऱ्या सकाळी मी ८०० घेऊन कामावर गेलो. वाटेत खालच्या गल्लीत चिखल उडाला होता, मागची काच अर्धी उघडी, आत आईचा दळणाचा डबा. दारात गाडी बंद केली तरी ती सवयीप्रमाणं आणखी दोन आचके देऊन थांबली. गुरुजी कट्ट्यावर बसले होते. उठून आले, टपावर हात ठेवला, दरवाजाचा गंज नखानं खरवडून बघितला, खरा होता. “नदीचा वास येतोय,” म्हणाले, आणि पावती परत खिशात घालून घरी गेले. दुपारपर्यंत दोन ठेवी परत आल्या.

संध्याकाळी चेअरमनसाहेब आले. त्यांनी आपली गाडी मागच्या बोळात लावायला सांगितली आणि शिपायाला बोलावून दारासमोर पांढऱ्या चुन्यानं एक चौकोन आखून घेतला, बरोबर सव्वातीन मीटरचा.

“तुमची गाडी रोज इथं लागली पाहिजे,” ते म्हणाले. “आणि धुऊ नका.”