दोन व्हीएलसी उघडले म्हणून दंड बसत नाही, मामा

परवा रात्री अकराला बेळगावातल्या शहापूरच्या मामांचा फोन. "अरे, दोन व्हीएलसी एकदम चालवले तर केस होते म्हणे!" दुसऱ्या दिवशी खानापूरला लग्न, स्क्रीन आणि साउंड मामांचं. व्हीएलसी म्हणजे कॉम्प्युटरवर व्हिडिओ-गाणी लावायचा प्लेअर. एका व्हीएलसीवर फोटो, दुसऱ्यावर सनई, ही त्यांची जुनी पद्धत. फॉरवर्ड वाचून त्यांनी प्लेअरच काढून टाकला होता. तोच मेसेज शेजाऱ्यांकडे कन्नडमध्ये आला होता. इथे मात्र सीमावाद नाही.

मेसेज म्हणतो: दुसरी प्रत उघडली की हार्डडिस्क जळते, लायसन्स एकाच प्रतीचं असल्याने दंड होतो, व्हीएलसीवर भारतात बंदी आहे, आणि दुसरी प्रत म्हणजे व्हायरस, तेव्हा खालच्या लिंकवरून 'प्रो' घ्या.

डिस्क जळत नाही. जुन्या कॉम्प्युटरवर दोन जड व्हिडिओ लावले तर चित्र अडखळेल, पंखा घरघरेल. बस्स.

दंड घेणार कोण? पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून आलेला हा प्लेअर 2001 पासून जीपीएल नावाच्या मुक्त परवान्याखाली फुकट आहे. त्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीत सुरुवातीच्याच कलमात म्हटलंय की प्रोग्रॅम चालवण्यावर बंधन नाही. एक चालवा, दहा चालवा. सेटिंगमध्ये 'अलाऊ ओन्ली वन इन्स्टन्स' (एकच प्रत चालू द्या) अशी चौकट आहे. एकच प्रत सक्तीची असती तर ही चौकट ठेवलीच कशाला असती?

बंदीचं अर्धं खरं, मान्य. 2022 मध्ये व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅनची वेबसाइट भारतात अडवली होती, त्याच वर्षी नोव्हेंबरात ती खुली झाली. अडवली होती ती साइट, मामांचा लॅपटॉप नव्हे.

राग येतो तो शेवटच्या मुद्द्याचा. चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये व्हीएलसीच्या दोन ओळी दिसल्या की व्हायरस? एकच प्रोग्रॅम दोनदा चालू असला की तिथे दोन ओळी दिसू शकतात. आणि 'प्रो' नावाचं विकतचं व्हीएलसी व्हिडिओलॅन काढतच नाही. खरा धोका त्या लिंकमध्येच आहे. हॅकरांनी अस्सल व्हीएलसीशेजारी स्वतःची फाइल ठेवून घुसखोरी केल्याचं सिमॅन्टेक या कॉम्प्युटर-सुरक्षा कंपनीने 2022 मध्येच उघड केलंय. घाबरवून चांगला प्लेअर काढायला लावायचा आणि कुठलातरी गळ्यात मारायचा, असा हा डाव. मामांनी लिंक उघडलीही होती. पैसे मागितले म्हणून थांबले, नाहीतर लग्नाआधीच लॅपटॉपचा निकाल.

साडेअकराला त्यांना व्हिडिओलॅनच्या साइटवरून पुन्हा टाकायला लावलं. "आणि फोटोवाल्या प्रतीचा आवाज बंद ठेवा, नाहीतर सनईत मिसळेल," मी म्हटलं.

"ते मला शिकवू नकोस," मामा म्हणाले.