"दोन्हीकडे चारच लटकलाय!"

आज पालकसभेत मी सुचवलं, यंदाची सहल जुन्नरजवळच्या नाणेघाटात नेऊ आणि तिथे मुलांना थोडं गणित करू देऊ. उत्तर आलं, "अहो, सहलीला तरी गणित नको! एन्जॉय करू द्या पोरांना." सगळे खो खो हसले. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

म्हणजे गणित ही शिक्षा आहे, हे आपणच मुलांना शिकवायचं. मग दहावीत मार्क घसरले की क्लास शोधत हिंडायचं!

मागच्या डिसेंबरात आमच्या आळीतली बारा पोरं घेऊन गेलो होतो. नाणेघाटाच्या गुहेत भिंतीवर कोरलेला तो लेख, सातवाहनांच्या नागनिका राणीचा, दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञांच्या दक्षिणेचा चक्क हिशोब आहे तो. गायी १७००, हत्ती १०, काहापण म्हणजे त्या काळची नाणी २४,४००. काही ठिकाणी तर आधी अक्षरांत, पुढे आकड्यांत, आपण चेकवर लिहितो तसं. ब्राह्मी लिपीतल्या त्या आकड्यांच्या खुणा आम्ही पुठ्ठ्यांवर रंगवून नेल्या होत्या. २४,४०० जुळवा म्हटलं.

पाचवीतली एक मुलगी, वर्गात गणिताला तोंड न उघडणारी, बराच वेळ पुठ्ठे उलटेपालटे करत बसली. "काका, यात शून्यच नाही." नाहीच. वीस हजारांची एक खूण, चार हजारांची एक, चारशेची एक. तीन पुठ्ठ्यांत संपलं. मग तिनं चार हजार आणि चारशे शेजारी ठेवले, बोट फिरवलं आणि ओरडली, "दोन्हीकडे चारच लटकलाय!" हजाराच्या खुणेला चार जोडला की चार हजार, शंभराच्या खुणेला जोडला की चारशे. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेरच्या दगडी रांजणापाशी तर ताक विकणाऱ्या आजीच पुढे आल्या. जकातीचा रांजण म्हणतात त्याला. त्यात धान्य किती मावेल यावर पोरांची पैज लागलेली. आजींनी चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी असं धडाधड सांगितलं. पोरं वहीत उतरवून घेत होती. त्या बाई शाळेत गेलेल्या नाहीत हो!

बसचा खर्च असतो, पोर्शन संपवायचा असतो, कड्याच्या टोकाला पोरं सांभाळायची असतात. मान्य. पण तिथे जाऊन नुसते सेल्फी काढायचे आणि दगडावर बदाम कोरून यायचं, ते चालतं?

त्या मुलीनं तिचे तीन पुठ्ठे परत दिलेच नाहीत. परवा त्यांच्याकडे गेलो तर फ्रिजवर चिकटवलेले दिसले.

शाळा नाही तर नाही. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही निघतोय. पोरांना घेऊन या. मोजायला चिंचोके मी आणतो.