माझ्याकडे किल्ल्याच नाहीत!

सहा-सात वर्षांची असेल. आमच्या स्टॉलवर मुलांना भेट म्हणून वाटायला ठेवलेली कीचेन तिने उचलली, उलटीपालटी केली, कडीत बोट घालून दोनदा गरागरा फिरवली आणि नीट टेबलावर परत ठेवली. "मावशी, माझ्याकडे किल्ल्याच नाहीत."

अगं बाई, हेच मी तीन महिने मीटिंगमध्ये बोंबलून सांगत होते! सॅम्पलं मांडून सांगितलं, चिडून सांगितलं, शेवटी हात जोडून सांगितलं. लहान मुलांना घर नाही, गाडी नाही, कुलूप घालण्याजोगं कपाट नाही, ती कीचेनचं करणार काय? पण साहेबांना धातूचीच हवी, कारण धातूवर लोगो कोरता येतो आणि कोरलेला लोगो क्लासी दिसतो. कुणाला? जिला अजून 'ज्ञ' काढताना जीभ बाहेर काढावी लागते, तिला?

पुढे ऐका. कीचेन नाकारून ती गेली नाही. टेबलाखाली वाकली आणि म्हणाली, "ते मिळेल?" ते म्हणजे बबल रॅप. कीचेन ज्यात गुंडाळून आल्या ते, कचऱ्यात टाकायला ठेवलेलं. वीतभर फाडून दिलं. टप. टप टप. टपटपटप. दहा मिनिटांत स्टॉलसमोर ही रांग! सकाळपासून जिथे आम्ही माशा मारत होतो तिथे पोरं एकमेकांना ढकलतायत आणि मी कात्री घेऊन घामाघूम. (अगदी तान्ह्यांना आणि तीनच्या आतल्यांना दिलं नाही, तेवढी अक्कल शाबूत होती.) साहेब मागे येऊन विचारतात, "यांना कीचेन का देत नाही तुम्ही?" का देत नाही!! शेवटी अट घातली, कीचेन घेतल्याशिवाय तुकडा नाही. तर एका कार्ट्याने कीचेनच्या टोकाने फुगे फोडायला सुरुवात केली. त्या कोरीव लोगोचा तेवढा एकच उपयोग झाला.

मुलांना काय लागतं हे काही गूढ नाही. वस्तूने काहीतरी करायला हवं. वाजावी, उडावी, चिकटावी, उलगडावी, तिच्यातून काहीतरी निघावं. अमेरिकेत क्रॅकर जॅक या पॉपकॉर्न-शेंगदाण्यांच्या गोड खाऊवाल्यांनी १९१२ पासून खोक्यात छोटी बक्षिसं टाकायला सुरुवात केली. आत काय निघेल, यातच अर्धी मजा. शंभरावर वर्षं झाली त्याला. आमच्या मीटिंगपर्यंत ही बातमी अजून पोचायची आहे.

तिथे काय पोचतं ते सांगते. एका वर्षी टोप्या. मोठ्यांच्या मापाच्या, कारण "सगळ्यांना चालतील". पोरांच्या थेट नाकापर्यंत यायच्या. एका वर्षी रंगीत खडू, बारा रंगांची पेटी, कागदावर सगळे एकच फिकट मेणचट. एका वर्षी शार्पनर, जे पेन्सिली खायचं. स्टिकर तर असे की सोलताना निम्मा कागदावरच, आणि उरलेल्या निम्म्यावर काय? लोगो! डायनासोर नाही, रॉकेट नाही, फोन नंबरसकट लोगो. कुठलं मूल वहीवर फोन नंबर चिकटवतं हो?

आणि धोक्याचं नाव काढलं की मीच किरकिरी. इवल्याशा चुंबकांचा सेट आणायचं ठरत होतं. म्हटलं, असे दोन पोटात गेले तर आतड्याच्या भिंतींतून एकमेकांना चिकटतात, थेट ऑपरेशन. फुगे देऊ म्हणाले, तर म्हटलं, न फुगवलेला फुगा आठ वर्षांच्या आतल्या मुलाच्या घशात अडकू शकतो. मग मी त्यांना खेळणी तपासायचं ते ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं सांगितलं. वस्तू त्यात पूर्ण मावली, तर तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायची नाही. यावर उत्तर काय? "मुलं खाणार थोडीच आहेत!" साहेब, दोन वर्षांच्या मुलाला आपण शेवटचं कधी भेटलात?

बरं, मी तरी कोण मोठी तज्ज्ञ लागून गेले. एक वर्ष निवड पूर्णपणे माझ्या हातात होती. अभ्यास केला, याद्या केल्या आणि ऐटीत पाचशे शिट्ट्या मागवल्या. वाजतात ना! मुलांना प्रचंड आवडल्या. बंद हॉलमध्ये, एकाच वेळी, दोन दिवस. शेजारच्या स्टॉलवाल्याने दुसऱ्या दिवशी माझ्याकडे बघणंही सोडलं होतं. आयाबाप शिट्टी पोराच्या हातातून काढून घेऊन, माझ्या डोळ्यात डोळे घालून टेबलावर ठेवत होते. त्यातल्या चाळीसेक अजून माझ्या खणात आहेत. कीचेनची मीटिंग चालू असताना एखादी काढून वाजवावी असं फार वाटत होतं.

संध्याकाळी खोकी आवरताना बबल रॅपचा एक लांबट तुकडा सापडला. पर्समध्ये टाकला. बसमध्ये निम्मा फोडला, शेजारच्या बाईंनी हात पुढे केला म्हणून उरलेला त्यांना दिला.

आज सकाळी साहेबांचा मेल. बबल रॅपला प्रतिसाद उत्तम होता, पुढच्या वेळी तेच देऊ, प्रत्येक फुग्यावर लोगो छापता येईल का बघा.

मी कोटेशन मागवलंय.