कार्नाक, पण ते नव्हे

आम्ही कार्नाकला चाललोय म्हटल्यावर नातेवाइकांनी छोटे पिरॅमिड आणायला सांगितले. त्यांचा दोष नाही. देवळांचं कर्नाक इजिप्तमध्ये, दगडांचं कार्नाक फ्रान्सच्या ब्रिटनीत. दोन-तीनदा समजावून पाहिलं. शेवटी "हो, आणतो" म्हणून फोन ठेवला.

हौस सौभाग्यवतींची. लोक फ्रान्सला जाऊन आयफेल टॉवर बघतात. आम्हाला ६ हजारांहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी उभे करून ठेवलेले ३ हजारांवर दगड बघायचे होते, आणि तेही नोव्हेंबरात. कारण उन्हाळ्यात गाइडशिवाय कुंपणाच्या आत सोडत नाहीत, थंडीत मात्र दगडांमधून मोकळं हिंडता येतं. हा मोकळेपणा कशामुळे, ते पाच मिनिटांत कळलं. तिथला पाऊस वरून पडत नाही. तो समुद्राकडून आडवा येतो आणि थेट कानात शिरतो. माझ्या अंगात करड्या रंगाचा रेनकोट होता, तो नावालाच.

सुरुवात मेनेक नावाच्या दगडांच्या रांगांपासून. ११ ओळी, हजारावर दगड, लांबी किलोमीटरभर. पश्चिमेच्या टोकाला ४ मीटरपर्यंत उंच, आणि पूर्वेकडे जावं तसे खुजे होत होत पार मांडीला लागतात. काम पश्चिमेकडून सुरू झालं असणार, हे माझं ठाम मत आहे. उत्साह असाच ओसरतो.

पहिल्या दगडापुढे मी खरंच गप्प झालो. खरखरीत ग्रॅनाइट, त्यावर पिवळट दगडफूल, एका खाचेत साचलेलं पाणी आणि काठावर विचार करत बसलेली एक गोगलगाय. हा आदर विसाव्या दगडापर्यंत टिकला. चाळिसाव्याला गुडघे बोलायला लागले. शिवाय दगडापुढे चेहरा कसा ठेवायचा हे कुणी शिकवलेलं नसतं. देवापुढे हात जोडता येतात, चित्रापुढे मान तिरकी करता येते. मी हनुवटीला हात लावून "हं" म्हणालो.

"अहो, हं काय? बोला की काहीतरी."

"चांगला उभा आहे."

त्यानंतर माझं मत विचारलं गेलं नाही, पण काम मिळालं. फोटोत उंची कळायला शेजारी माणूस लागतो म्हणे. म्हणून प्रत्येक दगडाशेजारी मला उभं करण्यात आलं. "हलू नका. हसू नका, गंभीर जागा आहे. जरा मागे. अजून मागे."

तिथली दंतकथा अशी, की संत कॉर्नेलीच्या पाठी रोमन फौज लागली. पळता पळता पुढे समुद्र आला, तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं आणि अख्खी फौज होती तिथे दगड झाली. हा संत गुराढोरांचा कैवारी. गावातल्या चर्चच्या दर्शनी भिंतीवर तो दोन बैलांच्या मध्ये उभा आहे. त्या शिपायांबद्दल मला आतून कळवळा आला. त्यांनाही कुणीतरी "हलू नका" म्हटलं असणार.

दुपारी जवळच्या लोकमारियाकेरला गेलो. तिथला मोठा मेनहिर, म्हणजे उभा रोवलेला एकटा दगड, २० मीटरचा, वजन ३०० टनांच्या घरात. कधीकाळी उभा होता, आता चार तुकडे होऊन गवतात पडलाय. सगळ्या दिवसात मनापासून आवडलेला हा एकच. दमल्यावर आडवं व्हावं एवढी अक्कल त्याच्याकडे होती. मी शेजारच्या बाकावर टेकलो, तर लगेच हाक आली, "अहो, उठा! बसल्यावर उंची कशी कळणार?"

"पडलेल्याची उंची कळायला मलाही पडावं लागेल," मी म्हणालो. ते ऐकून न ऐकल्यासारखं झालं.

रात्री हॉटेलात ती पायांवर पांघरूण घेऊन दिवसभराचे फोटो चाळत होती. चारशे बारा. मी मोजे हीटरवर वाळत घालत होतो.

"अहो, हा बघा. एवढा सुंदर आलाय, आणि यात नेमके तुम्ही नाहीत. कुठे गेला होतात?"

मी चष्मा लावून नीट पाहिलं.

"दुसरी ओळ, डावीकडून तिसरा."