डोळे मिटलेली मंडळी

आमच्या चर्चच्या तरुण संघात कामांची वाटणी सोपी होती. गळा असेल तो क्वायरमध्ये, गळा नसेल तो सतरंज्या उचलायला. मी सतरंज्यांत होतो. मग मामांनी आपला जुना रशियन झेनिट कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला, आणि पुढच्याच रविवारी पाळकसाहेबांनी सूचना वाचताना सांगून टाकलं, "यापुढे फोटो आपलाच मुलगा काढेल." आपला म्हणजे फुकट, हे चर्चमध्ये वेगळं सांगावं लागत नाही.

झेनिट वजनाला वरवंटा. उजेड मोजायचा मीटर सेलेनियमचा, त्यामुळे सेल लागत नाही. पण चर्चच्या उजेडात त्याची सुई जागची हलत नाही. शटर १/३० ते १/५०० सेकंद, त्याहून सावकाश हवं तर थेट 'बी', म्हणजे बटण दाबून धराल तोवर शटर उघडं. रोल १०० स्पीडचा, म्हणजे भरपूर उजेड मागणारा, कारण परवडे तोच. रंगीत काचांतून येणारा उजेड भक्तीला पुरतो, १०० च्या रोलला नाही. लेन्स एफ/२ पर्यंत सताड उघडून, १/३० वर श्वास कोंडून बटण दाबलं, तरी माणसांऐवजी सावल्याच यायच्या.

त्यात आवाज. मूक प्रार्थनेत सगळं शांत असताना आरसा वर जायचा तो 'खटॅक' करून. पहिल्या बाकावरच्या आजी डोळे न उघडता मोठ्याने "आमेन" म्हणायच्या. प्रार्थना संपली असं त्यांना वाटे. त्यांच्यामागे निम्मी मंडळी "आमेन" म्हणून मोकळी, आणि पाळकसाहेब मनातल्या मनात अजून आजाऱ्यांच्या यादीत.

सराव म्हणून मी ठाण्याच्या तलावपाळीवर जायचो. तिथलं सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळापासूनचं. ते हलत नाही, डोळे मिटत नाही आणि "माझी एक कॉपी" असंही म्हणत नाही.

मग कोणीतरी फ्लॅश दिला. अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड चौथाई होतो. नियम भौतिकशास्त्राचा, पण आमच्याकडे त्याचं राजकारण झालं. पुढच्या बाकांवरचे पंच पांढरेफटक, मधले सावळे, मागचे बाक नाहीसेच. मागे बसायचे ते कळवा-मुंब्र्याहून लोकलने धापा टाकत पोचलेले. "आम्ही आलोच नव्हतो असं दाखवायचंय का?" एक काका चांगलेच तापले. त्यांचंही बरोबर होतं. उपासनेला गेल्याचा पुरावा त्यांना घरी द्यायचा होता.

मात्र चर्चने मला एका बाबतीत मोठी सूट दिली. लग्नाच्या फोटोत डोळे मिटलेले आले तर फोटोग्राफरचा उद्धार होतो. आमच्याकडे डोळे मिटलेले म्हणजे प्रार्थना. शिंक येता येता टिपलेला एक पंचही अल्बममध्ये भक्तिभावाने लागला. स्टेशनजवळच्या स्टुडिओवाल्याला हे ठाऊक नव्हतं. रोल धुऊन पाकीट हातात देताना त्याने हळूच विचारलं, "कुठला कार्यक्रम होता? सगळे झोपलेत."

नशीब उघडलं कापणीच्या सणाला. लोकांनी आणलेल्या भाज्या, अंडी, नारळ यांचा लिलाव चर्चच्या आवारात, लख्ख उन्हात. उन्हाला मीटरसुद्धा लागत नाही: लेन्स एफ/१६ पर्यंत बारीक करायची आणि शटर रोलच्या स्पीडइतकं, म्हणजे १/१००; झेनिटवर त्याच्या जवळचं १/१२५. बाजारातला दहा रुपयांचा भोपळा बोली चढत चढत दोनशेला गेला. तो जिंकलेल्या मावशी भोपळा कडेवर घेऊन उभ्या राहिल्या, शेजारी त्यांच्या जाऊबाई. फोटो असा आला की भोपळ्याच्या देठावरची माती दिसावी. दोघींचे डोळेही उघडे.

मावशींनी फोटो उन्हात धरून पाहिला. "छान आलाय रे. आता यातून जाऊबाई काढ."

"कातरीने निघतील," मी म्हणालो.

त्यांनी फोटो आणखी जवळ नेला. जाऊबाईंचा पंजा भोपळ्यावर पसरलेला होता. त्यांना कापायचं तर भोपळाही अर्धा जात होता.

"राहू दे," मावशी म्हणाल्या. "पण पैसे दोघींकडून निम्मे-निम्मे घे."