विसरत कोणीच नाही

१९४४ चा उद्रेक विसरल्यामुळेच लोक इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याशी राहतात, हे तुमच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. मी कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीचा. २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४३), तेव्हा आम्ही बोटीतून बाहेर पडलो. म्हशींची दावी आईनं विळ्यानं कापली, गाठी सोडायला वेळच नव्हता. भिंतीवरची पाण्याची रेघ दोनदा रंग दिला तरी ओल आली की पुन्हा उमटते. आजही जून लागला की आई सातबारा, रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवते आणि रोज विचारते, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट झालं? याला विसरणं म्हणायचं?

माणूस राहतो तो जमिनीपायी. तिकडं ज्वालामुखीच्या मातीत द्राक्षं, टोमॅटो. आमच्या काळ्या रानात ऊस. आमची ही मातीसुद्धा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या दगडाचीच की. १९४४ ला सान सेबास्तियानो गावाचा बराच भाग लाव्ह्याखाली गेला आणि लोकांनी गाव तिथंच पुन्हा उभं केलं, हे लेखात यायलाच हवं होतं. तिथल्या एखाद्या म्हातारीला तरी विचारायचं होतं.